ठिपका दिसेपर्यंत

“उज्ज्वला, चल. बर्फखान्यातला संगणक उठत नाय.”

होडेकरचाचा माझ्या संगणकाच्या क्लासच्या दारात उभे होते. छत्री उलटी झालेली, लुंगी गुडघ्यापर्यंत भिजलेली. इब्राहिम होडेकर म्हणजे आमच्या भाटणे बंदराच्या मच्छीमार सोसायटीचे चिटणीस. वय पासष्टीच्या पुढचं, स्वभाव सावकाश. चपला बाहेर काढल्याशिवाय ते माझ्या क्लासमध्ये कधी आले नव्हते. त्या दुपारी चिखलाच्या चपलांनिशी ते थेट फळ्यापर्यंत आले.

“उठत नाही म्हणजे काय? तिथे तरी लाईट आहेत का?”

“लाईट कधीच गेले. बर्फखान्याचा जनरेटर लावलाय. मशीन चालू होतो, खिडकीचं चित्र येतं, मग निळं कायतरी चमकतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. सकाळपासून तेच चाललंय. बोंद्रेसाहेब येऊन बसलेत.”

मी मुलांना घरी पाठवलं, पेचकसांची पिशवी घेतली आणि त्यांच्यामागून निघाले.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. पावसाळा केव्हाच सरला होता. आकाश कसं निरभ्र, दर्या कसा तेलासारखा, म्हणून सगळ्या बोटी मासळीमागे लांब गेल्या होत्या. आदल्या संध्याकाळी रेडिओवर वादळाची सूचना आली. जवळच्या बोटी रातोरात परतल्या. लांबच्या मात्र तिथेच राहिल्या.

माझा थोरला भाऊ यशवंत त्या लांबच्यांत होता. ‘भवानीप्रसाद’ बोटीवर तो तांडेल होता. तांडेल म्हणजे बोट चालवणारा, बोटीवरच्या माणसांचा जबाबदार. त्याच्यासकट बोटीवर सहा जण होते.

त्या वर्षी एका सरकारी योजनेत आमच्या बंदरातल्या चाळीसेक बोटींवर एकेक लहान यंत्र बसवलं होतं. बोट कुठे आहे ते हे यंत्र दर दोन तासांनी उपग्रहाकडे पाठवायचं. तिथून ते आकडे बर्फखान्याच्या गच्चीवरल्या एका पेटीत उतरायचे. पेटीची केबल खालच्या खोलीतल्या संगणकाला जोडलेली. संगणक ते आकडे वाचून नकाशावर ठिपके दाखवायचा. एक ठिपका म्हणजे एक बोट. बसवणारी कंपनी कुठची तरी लांबची, त्यामुळे रोजची देखभाल माझ्या गळ्यात पडली होती. संगणक उघडून बघितलेलं गावात दुसरं कुणी नव्हतं.

बर्फखान्याचा जिना बायकांनी भरून गेला होता. कुणाच्या हातात कंदील, कुणाच्या कडेवर मूल. मला बघून त्या बाजूला सरल्या. नुसत्या बघत राहिल्या. वरच्या पायरीवर लतिकावहिनी उभी होती, लतिका जाक्कर. तिचा नवरा रमाकांत भवानीप्रसादवर खलाशी होता. ती दाराला पाठ लावून उभी होती आणि कुणाला आत शिरू देत नव्हती.

“जा तू आत,” ती म्हणाली. “मी हिते बघते. कोण आत येणार नाय.”

आत मत्स्यखात्याचे बोंद्रेसाहेब वायरलेसपाशी बसले होते. चाळिशीतला, सडपातळ माणूस. रात्रभर जागल्यानं डोळे लाल झालेले. कोपऱ्यात एका खोक्यावर माझे बाबा बसले होते. धाकू तांडेल. दहा वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला तोवर सारी हयात दर्यावर काढलेला माणूस. माझ्याकडे बघून त्यांनी फक्त मान हलवली.

“ताई, नीट ऐका,” बोंद्रेसाहेब म्हणाले. “एक गस्तीचं जहाज बाहेर आलंय. माझं त्यांच्याशी बोलणं चालू आहे. पण बोटींचे वायरलेस लागत नाहीत. बऱ्याच जणांच्या एरियलच्या काठ्याच मोडल्या असतील. जहाजाला बोटी कुठे आहेत ते कळलं तर ते जाणार. असल्या लाटांत नुसतं शोधत फिरून काही हाती लागायचं नाही. आणि अंधार पडला की ते थांबणार.”

“पेटी चालू आहे?”

“हिरवा दिवा लागलाय. आकडे येतायत. पण वाचणार कोण?”

माझ्या क्लासमधला संगणक आणावा, हा विचार वाटेतच मनात येऊन गेला होता. उपयोग नव्हता. पेटीची केबल ज्या कार्डात जायची ते कार्ड याच मशीनमध्ये होतं, प्रोग्रॅम याच डिस्कवर होता, आणि तो दुसरीकडे चालू नये म्हणून कंपनीनं त्याला कुलूप घातलेलं होतं. कंपनीला फोन करावा तर टॉवर आडवा झालेला. जे काय करायचं ते इथेच.

मी बटण दाबलं. पंखा घरघरला. काळा पडदा, मग खिडकीचं चित्र, त्याखालची सरकती पट्टी. पट्टी दोनदा सरकली. निळा झपकन चमकला, आणि पडदा काळा. पुन्हा पहिल्यापासून.

“बघितलंस?” चाचा म्हणाले. “सकाळपासून असाच घिरट्या घालतोय.”

पहिल्यांदा त्या घिरट्या थांबवायच्या होत्या. चूक काय ती वाचता तरी आली पाहिजे. मशीन उठताना एक बटण धरून ठेवलं की यादी येते. त्यात ‘चूक झाल्यास आपोआप पुन्हा सुरू होऊ नकोस’ असा एक पर्याय असतो. मी तो निवडला. या वेळी निळा पडदा आला आणि थांबला. पांढऱ्या अक्षरांच्या ओळी, खाली चुकीचा क्रमांक: शून्यांची माळ आणि शेवटी सात-बी.

“काय म्हणतंय?” बोंद्रेसाहेबांनी विचारलं.

“म्हणतंय, ज्या डिस्कवरून मला उठायचंय त्या डिस्कपर्यंत मला पोचता येत नाही.”

“म्हणजे डिस्क गेली?”

“माहीत नाही.”

मी सुरक्षित पद्धतीनं उठवून बघितलं. तोच निळा पडदा. शेवटच्या चांगल्या स्थितीवर नेऊन बघितलं. तोच. मशीन बंद करून झाकण उघडलं. आतलं पत्र्याचं काम खाऱ्या हवेनं तांबडं पडलं होतं. डिस्कची केबल काढली, टोकं खोडरबरानं घासली, पुन्हा बसवली. तोच. माझ्या पिशवीतली दुसरी केबल लावली. तोच.

खिडकीची फळी वाऱ्यानं आपटत होती. चाचांनी ती दोरीनं बांधली. जिन्यात एक मूल रडायला लागलं, आणि लतिकावहिनीचा आवाज आला, “गप करा गो त्याला, आत काम चाललाय.”

वायरलेस खरखरला. जहाजावरून विचारत होते, काही कळलं का. बोंद्रेसाहेब म्हणाले, अजून नाही. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “ताई, आमच्या ऑफिसातला एक मुलगा म्हणायचा, असं झालं की सीडी घालून विंडोज नवीन टाकायचं. तासाभराचं काम.”

“नवीन टाकलं तर प्रोग्रॅम जाईल. तो परत टाकायला आपल्याकडे काही नाही.”

“पण निदान दुरुस्तीचं काही असेल ना त्या सीडीत?”

ते खरं होतं. सीडी ड्रॉवरमध्ये होती. मी ती घातली. निळ्या पडद्यावर एकेक ड्रायव्हर चढत गेले. मग मशीननं दुरुस्तीसाठी डिस्क शोधली आणि सरळ सांगितलं: या संगणकात एकही डिस्क सापडली नाही. बाहेर पडायचं तर अमुक बटण दाबा.

मी ते वाचून दाखवलं. बोंद्रेसाहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. यशादादाचा चेहरा डोळ्यांसमोर यायला लागला, तो मी मागे ढकलला. तो आला असता तर मला बटणंसुद्धा दिसली नसती.

बाबा खोक्यावरून उठले, लंगडत टेबलापाशी आले.

“उजा, इंजीन बंद पडला तर आपण काय बघतो पैला?”

“बाबा, हे इंजिन नाही.”

“ता मना ठावं हाय. काय बघतो?”

“हात लावून बघतो. गरम आहे का, थरथरतंय का.”

“मग लाव हात.”

मी हात आत घातला आणि डिस्कवर टेकवला. ती फिरत होती. गुळगुळीत, एकसारखी थरथर तळव्याला लागत होती. कानाजवळ नेलं तर कुठे खडखड नाही, कुठे अडखळणं नाही. मेलेली डिस्क अशी फिरत नाही.

मग मी एक पायरी मागे गेले. विंडोजच्या आधी मशीनचं स्वतःचं एक पान असतं. मशीनला काय काय जोडलंय आणि ते कसं वागवायचं ते त्यात ठरवलेलं असतं. ते पान मी उघडलं. तिथे डिस्कचं नाव स्वच्छ लिहिलेलं होतं. नाव, आकार, सगळं.

म्हणजे मशीनला डिस्क दिसत होती आणि विंडोजला दिसत नव्हती. दोघांच्या मध्ये फक्त एक गोष्ट होती, ती म्हणजे कंट्रोलर. डिस्कशी बोलणारा हा मधला भाग. विंडोज त्याच्याशी आपल्या ड्रायव्हरमार्फत बोलतं. ड्रायव्हर तोच, डिस्क तीच, मग बोलणं तुटलं कशानं?

माझी नजर पानाच्या वरच्या कोपऱ्यात गेली. तारीख होती एक जानेवारी. साल सात वर्षांपूर्वीचं.

“चाचा,” मी विचारलं, “सकाळी पहिल्यांदा मशीन चालू केलंत तेव्हा काय दिसलं होतं? खिडकीच्या चित्राच्याही आधी?”

“काळ्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं होती. दोन-तीन ओळी. खाली होतं की पुढे जायचं तर एफ-वन दाबा.”

“आणि तुम्ही दाबलंत.”

“मग? दाबा म्हणालं तर दाबलं.”

चाचांचं काही चुकलं नव्हतं. मीही दाबलं असतं. मी पुन्हा झाकणाच्या आत वाकले. मदरबोर्डावर रुपयाएवढी एक चपटी बॅटरी असते. मशीन बंद असतानाही तारीख आणि त्या पानावरच्या सगळ्या खुणा तीच जपून ठेवते. इथली बॅटरी हिरवट पडली होती, कडेनं फुगली होती. आदल्या रात्री लाईट गेले आणि तिनं सगळं सोडून दिलं. मशीन कारखान्यातून निघालं तेव्हा होतं तसं झालं होतं.

कारखान्यातून निघालं तेव्हा कंट्रोलर नव्या पद्धतीनं बोलायचा. कंपनीच्या माणसानं विंडोज टाकताना ती बदलून जुनी पद्धत लावली असणार, कारण त्या जुन्या विंडोजकडे नव्या पद्धतीचा ड्रायव्हरच नव्हता. सीडीतही नव्हता. म्हणून सीडीलाही डिस्क सापडली नाही.

“मिळालं?” बोंद्रेसाहेब उभे राहिले होते.

“वाटतंय.”

खात्री नव्हती. मी डिस्कच्या कंट्रोलरची ओळ शोधली. तिथे नवी पद्धत होती. मी ती जुनी केली, जपून ठेव म्हणून सांगितलं आणि मशीन पुन्हा उठायला लागलं. बाबांचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता. खिडकीचं चित्र आलं. पट्टी सरकली. दोनदा, तीनदा, चौथ्यांदा. मी श्वास धरून निळ्याची वाट बघत होते.

निळा आला नाही. डेस्कटॉपचं चित्र आलं आणि कोपऱ्यात आपला नकाशा उघडायला लागला.

“या अल्ला,” चाचा म्हणाले आणि मटकन खाली बसले.

दाराबाहेर कुणाला तरी कळलं असावं. जिन्यात एकदम कल्लोळ उठला. लतिकावहिनीनं तो आवरला.

पेटीत साठलेले आकडे एकामागून एक उतरायला लागले. नकाशावर ठिपके उमटले. पुष्कळसे किनाऱ्याला चिकटून होते. त्या बोटी आडोशाला, खाड्यांत शिरल्या होत्या. मी एकेक नाव वाचत गेले. चाचा ते दारातून बाहेर सांगत होते. प्रत्येक नावागणिक जिन्यातून एखादी बाई रडतच खाली उतरत होती, घरी सांगायला.

मग उरले बाहेरचे. वायव्येला, लांब, सात ठिपके एकमेकांजवळ होते. त्यांतल्या दोन बोटींनी संकटाचं लाल बटण दाबलेलं होतं. आणि दक्षिणेला, बराच बाहेर, एक ठिपका एकटाच.

त्याच्यावर बाण नेला. भवानीप्रसाद.

बाबा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. अक्षांश-रेखांश त्यांना माझ्याहून लवकर कळायचे. “आधीचा कुठे होता?” त्यांनी विचारलं. मी आधीचे ठिपके दाखवले. सकाळपासून बोट संथपणे, एकसारखी बाहेर सरकत होती. वारा जमिनीवरून सुटला होता आणि ती त्याच्याबरोबर चालली होती.

“इंजीन बंद पडलाय,” बाबा हळू म्हणाले. “वाऱ्यावर गेलाय तो.”

वायरलेस पुन्हा बोलला. या वेळी आवाज जवळून आल्यासारखा स्वच्छ होता. बोंद्रेसाहेबांनी सांगितलं, बोटी दिसतायत, दोन ठिकाणी आहेत. जहाजावरचा माणूस म्हणाला, आम्ही दोन्हींच्या मधोमध आहोत. उजेड थोडा उरलाय. एकीकडेच पोचता येईल. दुसरीकडे उद्या सकाळी. कुठे वळू?

बोंद्रेसाहेब माझ्याकडे वळले. त्यांना पडदा तिरपा दिसत होता, ठिपक्यांवरची नावं वाचता येत नव्हती.

“ताई, सांगा. कुठे?”

सात बोटींवर चाळीस-पंचेचाळीस माणसं होती. भवानीप्रसादवर सहा. हिशेब काही अवघड नव्हता. पण मी बोटी पुन्हा मोजल्या. दाराच्या फटीतून लतिकावहिनीचा आवाज आला.

“उजा, भवानी दिसली?”

“दिसली,” मी म्हटलं.

“कुठे गो?”

मागे वळून बाबांकडे बघितलं असतं तर ते काय म्हणाले असते, ते मला आजही सांगता येणार नाही. मी बघितलं नाही. बघितलं असतं तर ते ओझं त्यांच्यावर गेलं असतं. मी बोंद्रेसाहेबांकडे बघितलं आणि वायव्येच्या सात बोटींचे आकडे एकेक करून वाचायला लागले. त्यांनी ते वायरलेसवर सांगितले. जहाजानं ते परत म्हणून दाखवले. मग मी भवानीप्रसादचे वाचले.

“हे दुसरं,” मी म्हटलं. “सकाळसाठी.”

बोंद्रेसाहेबांनी नाव ऐकलं. बाबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्या बोटीवर कोण आहे ते त्यांना तेव्हा कळलं. त्यांचं तोंड उघडलं, पण वायरलेस बोलत होता. जहाज वळलं होतं.

बाबा खोक्यावर जाऊन बसले. मग म्हणाले, “एक कागद दे.”

त्या कागदावर त्यांनी भवानीप्रसादची वाट काढली. बोट किती वेगानं सरकतेय, वारा केव्हा फिरेल, फिरल्यावर बोटीला कुठे आणेल, सगळं पेन्सिलीनं. “रात्री वारा दक्षिणेचा व्हनार,” ते म्हणाले. “बोट तरंगत ऱ्हायली तर उजाडताना ह्या टापूत आसंल.” बोंद्रेसाहेबांनी तो टापू शेजारच्या बंदराला आणि जहाजाला कळवला. पहाटे निघता येतील तेवढे ट्रॉलर तिकडे न्यायचं ठरलं.

लतिकावहिनी आत आली. कुणी अडवलं नाही. चाचांनी तिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती ऐकत राहिली. मग जाळ्यांच्या ढिगावर बसली आणि पडद्याकडे बघायला लागली.

“ह्यो काय?”

“हीच भवानी.”

“दिसतेय तवर हाय ना?”

“हो.”

रात्रीचं विशेष सांगण्यासारखं नाही. आम्ही बसून होतो. दर दोन तासांनी ठिपका थोडा सरकायचा आणि आम्ही सगळे हुश्श म्हणायचो. वारा फिरला, बाबांनी सांगितला होता तसाच. वायव्येहून बातमी आली, सातांपैकी सहा बोटींवरची माणसं जहाजावर घेतली, सातवी स्वतःच्या बळावर निघाली. लतिकावहिनी दोन रात्री जागी होती. कधीतरी तिचं डोकं भिंतीला टेकलं. बाबांनी अंगावरची घोंगडी काढून तिला पांघरली आणि मला बोटानं गप्प राहायला खुणावलं.

पहाटेच्या पाळीला भवानीप्रसादचा ठिपका उमटला नाही.

सकाळी ट्रॉलरना बोट सापडली. बाबांनी आखलेल्या टापूच्या कडेला, पालथी. पाच जण तिला धरून होते. यशादादाच्या गळ्याखालचं हाड मोडलं होतं, वाचा गेली होती, पण तो होता. रमाकांत जाक्कर नव्हता. बोट पालथी झाली तेव्हा तो आतल्या बाजूला होता, असं दादानं पुढे चार दिवसांनी सांगितलं.

दादाला मी काय केलं ते मीच सांगितलं. तो हॉस्पिटलच्या खाटेवर होता. त्यानं नजर छताकडे वळवली. मग म्हणाला, “आईला सांगू नको.” एवढंच. त्यानंतर तो त्याविषयी कधी बोलला नाही. दोन वर्षांनी पुन्हा दर्यावर गेला.

लतिकावहिनी मात्र माझ्याकडे आली. पंधरवडा उलटून गेला होता. क्लास सुटला होता, मी खुर्च्या उलट्या करत होते. ती दारात उभी राहिली. मी खुर्ची दिली, ती बसली नाही.

“मना त्या खोलीत ने,” ती म्हणाली.

आम्ही बर्फखान्यात गेलो. मी संगणक चालू केला. नवी बॅटरी बसवलेली होती, तो सरळ उठला. जुने आकडे काढून त्या दिवसाचा नकाशा लावला. तिनं भवानीप्रसादच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग वायव्येच्या सातांवर.

“तू ह्ये आधी वाचलेस.”

“हो.”

“तुजा भाव हिते होता. माज्या मालकासंगत.”

“हो, वहिनी.”

मी तयार होते. मला वाटलं होतं, ती रडेल, ओरडेल, शिव्या देईल. गेले कित्येक दिवस मी मनात उत्तरं जुळवत होते, आणि एकही उत्तर पुरं पडत नव्हतं. तिनं त्यातलं काहीच विचारलं नाही.

“ह्ये मी रोज इचारते स्वतःला,” ती म्हणाली. “तुज्या जागी मी आसते तर? मीपन हेच केला आसता का, ता मना ठावं नाय. ता ऱ्हाऊ दे. शेवटचा ठिपका कंदी दिसला ता सांग.”

मी तो लावला. रात्रीतला शेवटचा. तिनं तो बघितला.

“तवा तू जागी व्हतीस?”

“होते.”

“तांडेलकाका जागे व्हते?”

“होते.”

“आनि मी झोपले व्हते.”

मी पडद्याकडे वळले.

“मना कोनी उठवला नाय,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “काकांनी घोंगडी घातली. बरा केला, माया केली. पन ता हाय तवर मना बघायचा व्हता. शेवटचा एक. तेवढा तरी बघायचा व्हता.” ती थांबली. “उठवायला हवा व्हता, उजा.”

एवढं बोलून ती रडायला लागली. मी तिच्या शेजारी बसले. पडद्यावरचा ठिपका तसाच होता.

डोळे पुसून ती म्हणाली, “ह्ये आकडे कशे वाचतात ता मना शिकव.”

मी शिकवलं. चौथीपर्यंत शाळा झालेली बाई, पण रेखांश-अक्षांश तिला महिन्याभरात यायला लागले. माझं लग्न होऊन मी भाटणे सोडलं, तेव्हा सोसायटीनं ती खोली तिच्या हवाली केली. आता मशीनं नवी आली आहेत, बोटींवरची यंत्रंही बदलली. चाचा गेले, बाबा गेले. लतिकावहिनी अजून त्या खुर्चीवर बसते.

दोन वर्षांपूर्वी वादळ आलं तेव्हा मी माहेरी होते. खोलीत बोटींवरच्या माणसांच्या बायका बसल्या होत्या, यशादादाची बायकोही त्यांत होती. पहाटेकडे एकेकीचा डोळा लागायला लागला. पडद्यावर नवे आकडे उतरले तशी लतिकावहिनी उठली आणि झोपलेल्या प्रत्येकीच्या खांद्याला हात लावून, तिच्या बोटीचं नाव घेऊन तिला जागं करत गेली.

“उठ गो,” ती म्हणत होती. “उठ, बघ. तुजी हिते हाय.”